हमीपत्रातून उपजलेला व्यापार

भारतातील सॉफ्टवेअर-निर्यातीचा इतिहास सांगू लागणारा मनुष्य बहुधा बंगळूरपासून प्रारंभ करतो आणि १९९१ हे साल आले की कथेचा कळस झाला असे मानतो. त्या कथेत परवाना-पद्धतीकडे खलपुरुषाची भूमिका असते, उदारीकरणाकडे उद्धारकर्त्याची, आणि मध्यंतरी काही बुद्धिमान तरुण दारिद्र्यातून वैभवाकडे जाताना दिसतात. कथा सुटसुटीत आहे आणि तिच्यात असत्य असे फारसे नाही; परंतु या व्यवसायाच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांकडे थोड्या बारकाईने पाहिले असता असे आढळते की, ज्या आयात-निर्बंधांनी त्याची वाट अडविली म्हणून आपण आज त्यांना दूषण देतो, त्याच निर्बंधांनी, स्वतःच्या नकळत, त्याला जन्मही दिला. आणि तो जन्म बंगळूरात नव्हे, मुंबईत झाला. त्यासाठी कोणताही धोरणकर्ता जबाबदार नव्हता. जबाबदार होते ते परदेशी यंत्र आणू इच्छिणाऱ्याने सरकारकडे लिहून द्यावयाचे एक हमीपत्र.

या इतिहासात माणसांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती यंत्रांची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण अभियंत्यांनी देशी बुद्धीने जो संगणक उभा केला, तो १९६० साली पूर्णतः कार्यान्वित झाला आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे सामर्थ्यवान अमेरिकन यंत्र आले आणि देशातील नाना विद्यापीठांचे व संस्थांचे गणित तेथे येऊन सुटू लागले. परंतु ही झाली शास्त्रज्ञांची दुनिया. पेढ्या, गिरण्या, विमा कचेऱ्या यांच्या दृष्टीने संगणक ही वस्तू एक तर अप्राप्य होती, कारण तिच्यावरील आयातकर यंत्राच्या मूळ किमतीहूनही अधिक भरे. आणि दुसरे असे की ती संशयास्पद होती, कारण शेकडो कारकुनांचे काम एकट्याने करणारे यंत्र बेकारांच्या देशात कशासाठी आणावे, हा प्रश्न तेव्हाच्या कामगार संघटना मोठ्या निकराने विचारीत होत्या. कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाचा संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इमारतीभोवती रात्रंदिवस पहारा दिला. केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांच्याकडे आले, आणि १९७२ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. आज त्या संघटनांची थट्टा करणे सोपे आहे. त्या काळी सुशिक्षित मध्यमवर्गीय मुलाला कारकुनीपलीकडे दुसरे दार क्वचितच उघडे असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची भीती निराधार वाटत नाही.

अशा वातावरणात, १९६८ साली, टाटा सन्सने आपला एक विभाग म्हणून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना केली आणि पुढील वर्षी तिची सूत्रे फकीरचंद कोहली यांच्या हाती दिली. पेशावरास १९२४ साली जन्मलेले, लाहोरास, कॅनडात आणि पुढे अमेरिकेतील एमआयटीत शिकलेले कोहली हे मूळचे विद्युत अभियंता. १९५१ पासून ते टाटा विद्युत कंपन्यांत होते आणि मुंबईस वीज पुरविणाऱ्या जाळ्याचे नियंत्रण संगणकाच्या साहाय्याने करण्याच्या उद्योगातून त्यांचा या यंत्राशी परिचय झाला होता. नव्या संस्थेकडे आरंभी काम आले तेही अगदी घरगुती स्वरूपाचे: टाटा समूहातील कंपन्यांची छिद्रपत्रे तयार करून देणे, आणि सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या शाखा-शाखांमधील व्यवहारांची रुजवात घालणे. या दुसऱ्या कामाचे महत्त्व बाहेरच्या माणसाच्या लक्षात सहसा येत नाही. एका शाखेने दुसऱ्या शाखेवर काढलेली हुंडी जोपर्यंत दोन्ही वह्यांत जमा-खर्चाच्या बाजूंना सारख्या रकमेने नोंदली जात नाही, तोपर्यंत ताळेबंद हा एक सभ्य अंदाज असतो. आणि देशभर पसरलेल्या पेढीत अशा न जुळलेल्या नोंदींचे ढीग वर्षानुवर्षे साचत असत. ते ढीग यंत्राने उपसता येतात, हे येथे सिद्ध झाले. पुढे जगातल्या मोठमोठ्या पेढ्यांची दप्तरे हाताळणाऱ्या या व्यवसायाची धुळाक्षरे अशी आपल्याच एका देशी पेढीच्या वह्यांवर गिरविली गेली.

परंतु या कामाला यंत्र हवे होते. भाड्याने घेतलेल्या यंत्रावर फार दूर जाता येत नव्हते. आणि नवे यंत्र आणावयाचे तर परकीय चलन हवे होते, जे रिझर्व्ह बँकेच्या व दिल्लीच्या अनुज्ञेवाचून एक डॉलरही मिळत नसे. येथे त्या हमीपत्राचा प्रवेश होतो. १९७० नंतर सरकारने एक योजना आखली: जो कोणी परदेशातून संगणक आणील, त्याने त्या यंत्राच्या किमतीशी निगडित अशा मूल्याचे सॉफ्टवेअर ठराविक मुदतीत निर्यात करून गेलेले परकीय चलन देशाला परत मिळवून द्यावे. ज्याने ही अट लिहिली त्या सचिवालयातील अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादा महान निर्यात-उद्योग तरळत होता असे मानण्यास काहीही आधार नाही. त्याला केवळ खजिन्याची काळजी होती. सॉफ्टवेअर विकणे हा मूळ हेतू नव्हता. ते यंत्राचे मोल होते, आणि ते मोल हप्त्यांनी फेडण्याची ती एक रीत होती.

टाटा कन्सल्टन्सीने अमेरिकेतील डेट्रॉइटच्या बरोज या संगणक-कंपनीशी संधान बांधले, तिची यंत्रे भारतात विकण्याचे मुखत्यारपत्र घेतले आणि १९७४ च्या सुमारास तिच्याकडूनच निर्यातीचे पहिले काम मिळविले. काम असे होते: रुग्णालयांच्या हिशेबासाठी बरोजच्या एका जातीच्या यंत्रांवर कोबोल भाषेत लिहिलेली आज्ञावली त्याच कंपनीच्या दुसऱ्या, लहान जातीच्या यंत्रांवर चालेल अशा रीतीने रूपांतरित करून द्यावयाची. वरवर पाहता यात नवनिर्मिती अशी काहीच नाही. एका बोलीतून दुसऱ्या बोलीत उतरवून काढण्याची ती लेखनिकी होती. परंतु ज्या यंत्रासाठी हे करावयाचे ते परवान्याच्या रांगेत अडकलेले असल्यामुळे मुंबईच्या तरुणांनी हाती असलेल्या आयसीएल बनावटीच्या वेगळ्याच यंत्रावर रूपांतराचे बरेचसे काम आपोआप करणारी एक आज्ञावली रचली, आणि लेखनिकीचे काम लेखनिकाऐवजी यंत्राकडूनच करून घेतले. माझ्या मते या व्यवसायाची संपूर्ण कुंडली त्या एका कामात मांडलेली आहे: काम दुसऱ्याचे, कल्पना दुसऱ्याची, यंत्र दुसऱ्याचे आणि तेही हजर नाही, आपले काय, तर ते काम नेटके, मुदतीत आणि थोड्या पैशांत करून देण्याची युक्ती. या युक्तीला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र तिच्यापलीकडे जाण्यास पुढे जो विलंब लागला त्याचे बीजही तेथेच आहे.

त्याच सुमारास, १९७३ साली, अंधेरीस ‘सीप्झ’ या नावाने ओळखला जाणारा इलेक्ट्रॉनिक निर्यात-प्रक्रिया विभाग सुरू झाला होता. शंभरेक एकरांच्या त्या आवारात जकातीपुरता भारत संपत असे. आत आलेल्या यंत्रावर कर नाही, आणि बाहेर जाणारा माल परमुलखातच गेला पाहिजे, असा तेथील शिरस्ता. टाटा आणि बरोज यांची संयुक्त कंपनी तेथे आली. १९८५ साली न्यूयॉर्कच्या सिटी बँकेनेही आपल्या परदेशी शाखांसाठी सॉफ्टवेअर तयार करणारी कंपनी तेथेच काढली, आणि तिच्या पोटातून जी दुसरी कंपनी निघाली तिने पुढे ‘फ्लेक्सक्यूब’ हे पेढीव्यवहाराचे सॉफ्टवेअर जगभर विकले. परक्याच्या आज्ञेवाचून, स्वतःच्या नावाने काही विकावे ही आकांक्षा आपल्याकडे ज्या थोड्या ठिकाणी फलद्रूप झाली, त्यांत या मरोळच्या कुंपणाआडच्या आवाराचे नाव घ्यावे लागेल.

आयबीएमच्या गमनाची कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की येथे तिचा उल्लेखच पुरे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये विदेशी कंपन्यांनी आपले भागभांडवल चाळीस टक्क्यांपर्यंत उतरवावे असे ठरले, आयबीएमने ते मानले नाही, जनता राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना तिने बाडबिस्तरा आवरला आणि १९७८ साली ती गेली. तिची यंत्रे मात्र राहिली, आणि ती सांभाळण्यासाठी सरकारी संगणक देखभाल महामंडळ होतेच. या रिकाम्या झालेल्या जागेत जे देशी उद्योजक शिरले त्यांत एकाची मुळे खानदेशात होती. जळगाव जिल्ह्यातील अमळनेरास, जेथे साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिकवीत, तेथेच १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तुपाचा कारखाना निघाला होता. १९६६ साली वडिलांच्या निधनामुळे स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट टाकून परतलेल्या एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजींनी तो ताब्यात घेतला आणि पुढे संगणकाच्या धंद्यात पाऊल टाकले. विप्रोचे बंगळूर सर्वांना ठाऊक आहे. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी त्या तुपाच्या कारखान्याचे भाग घेऊन पेटीत ठेवले आणि विकले नाहीत, त्यांच्या दृष्टीने मात्र हा सारा इतिहास अमळनेराचाच आहे.

आता पुण्याकडे वळू. पुण्याच्या सॉफ्टवेअर-व्यवसायाची परंपरा थेट पेशवे दप्तराशी नेऊन भिडविण्याचा मोह आपल्याकडील काही वक्त्यांना होतो. मोडी कागदांचे रुमाल बांधणाऱ्या कारकुनाचा पणतू संगणकापुढे बसला, हे चित्र रम्य आहे. मला ते पटत नाही. पुण्याला जे उपयोगी पडले ते दप्तर नव्हे, तर पिंपरी-चिंचवडचे कारखाने, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा, १८५४ पासून चालत आलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईहून स्वस्त जागा आणि मुंबईपासून चार तासांचे अंतर. नरेंद्र पाटणी यांनी अमेरिकेत शिकत असताना जो हिशेब मांडला तोही असाच रोकडा होता. अमेरिकेतील छापील मजकूर यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात टंकित करून देण्याचे काम तेथे महाग पडते. तेच कागद हिंदुस्थानात पाठवून, येथील टंकलेखकांकडून करवून, फीत परत पाठविली तर? परंतु समोरासमोर बसून न बोलता, केवळ लेखी सूचनांवर, हजारो मैलांवरच्या माणसाकडून काम बिनचूक होईल काय, ही शंका होती. तेव्हा पाटणी दांपत्याने आपल्या केंब्रिजच्या राहत्या घरातील एक खोली अमेरिका आणि दुसरी हिंदुस्थान असे ठरवून, परस्परांशी फक्त चिठ्ठ्यांनी व्यवहार करून पाहिला, असे सांगतात. १९७२ साली निघालेल्या त्यांच्या डेटा कन्व्हर्जन कंपनीचे काम पुण्यात सुरू झाले. अमेरिकन न्यायालयांचे निवाडे पुण्यातली मुले-मुली अक्षर-अक्षर टंकित करीत बसली होती, आणि त्यांपैकी बहुतेकांनी अमेरिका पाहिलेली नव्हती. दूरस्थ कामाची जी शिस्त, म्हणजे प्रत्येक गोष्ट लिहून घेणे, लिहून विचारणे, लिहूनच कळविणे, तिचा पाया येथे पडला, आणि त्यावर पुढे मोठमोठ्या प्रमाणपत्रांचे मनोरे चढले.

पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये सॉफ्टवेअर विभाग सांभाळणारे नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी तेथून बाहेर पडले आणि १९८१ च्या जुलैत पुण्यात, मॉडेल कॉलनीच्या पत्त्यावर, इन्फोसिसची नोंदणी झाली. सुधा मूर्ती तेव्हा टेल्कोतल्या पहिल्या स्त्री-अभियंता म्हणून प्रसिद्ध झालेल्या होत्या आणि त्यांनी साठवलेले दहा हजार रुपये हे नव्या कंपनीचे भांडवल होते. या दहा हजारांची गोष्ट आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. त्यापेक्षा मला अधिक बोलकी वाटते ती दुसरी गोष्ट, की संगणकाचे सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी स्थापन झालेल्या या कंपनीपाशी पहिली दोन वर्षे संगणकच नव्हता. तो आणण्याच्या परवान्यासाठी दिल्लीच्या किती वाऱ्या झाल्या आणि साधा टेलिफोन मिळण्यास वर्ष कसे गेले, हे मूर्ती पुढे जाहीरपणे अनेकदा सांगत आले आहेत. यंत्र नाही म्हणून माणसे न्यूयॉर्कच्या गिऱ्हाईकाकडे जाऊन तेथील यंत्रावर काम करीत. १९८३ साली यंत्र आले, तेव्हा मायको या गिऱ्हाईकाच्या निमित्ताने कंपनी बंगळूरास गेली होती. पुण्याने हातची मोठी वस्तू घालविली असे हळहळणारे लोक मला भेटतात. त्या वेळी ती मोठी नव्हती, आणि ती मोठी होईल असे पुण्यात कोणाला वाटल्याचाही पुरावा नाही.

माणसेच निर्यात करण्याचा हा प्रघात इन्फोसिसपुरता नव्हता. १९८० ते १९९० या दशकात भारतीय सॉफ्टवेअर-निर्यात म्हणून जी गणली गेली तिचा बहुतांश भाग म्हणजे परदेशातील गिऱ्हाईकाच्या कचेरीत बसविलेले भारतीय अभियंते होते. याला त्या वर्तुळात ‘बॉडी शॉपिंग’ असे उघडेनागडे नाव पडले होते आणि ते सार्थ होते. कंपनी तासांवर पैसे घेई, अभियंता ठराविक भत्त्यावर चार-चार जणांत एक सदनिका वाटून राही, आणि शक्य तेव्हा त्याच गिऱ्हाईकाकडे कायमची नोकरी पकडून मूळ मालकाला रामराम ठोकी. मालक मंडळी मग दोन वर्षांचे करारनामे लिहून घेऊ लागली. उत्तर अमेरिकेतील मराठी माणसांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली शिकागोत स्थापन झाले, तेव्हा तेथील मराठी समाज प्रामुख्याने डॉक्टर आणि उच्चशिक्षणासाठी गेलेले अभियंते यांचा होता. पुढच्या दोन दशकांत गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांतून गणपतीच्या आरतीला जे तरुण चेहरे दिसू लागले, ते या नव्या करारनाम्यांनी आणलेले.

हे तरुण आले कोठून? आयआयटीतून निघालेले थोडके; त्यांच्यावर एवढा मोठा व्यवसाय उभा राहिला नसता. महाराष्ट्रापुरते उत्तर १९८३ सालात आहे. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने त्या वर्षी विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली, कारण आपली मुले देणग्या भरून कर्नाटकात शिकावयास जातात आणि पैसा राज्याबाहेर जातो, ही तक्रार होती. साखर कारखान्यांतून आणि सहकारी संस्थांतून वर आलेले नेते शिक्षणसम्राट बनले, माळरानांवर इमारती उठल्या, आणि त्यांतील पुष्कळांची प्रयोगशाळा ही तपासणीच्या दिवसापुरती सजविलेली असे. या सर्वांवर जी टीका झाली ती यथार्थच होती. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही: सांगली, अकोला, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतून शेतकऱ्यांची आणि शिक्षकांची मुले प्रथमच पदवीधर अभियंते होऊन बाहेर पडली, आणि त्यांतील यंत्र-अभियंते, स्थापत्य-अभियंते, वस्त्रोद्योगाचे अभियंते सहा महिन्यांचा संगणकाचा वर्ग करून सॉफ्टवेअरच्या रांगेत उभे राहिले. धरणे आणि पूल बांधण्याचे शिक्षण घेतलेला मुलगा कोबोल लिहू लागला म्हणून कोणी खेद केला नाही. पगाराचे आकडेच तसे होते.

यंत्रांच्या टंचाईखेरीज दुसरी अडचण होती मालाच्या वाहतुकीची. आज्ञावली चुंबकीय फितीवर उतरवून विमानाने पाठवीत. परंतु जकात अधिकाऱ्यापुढे प्रश्न पडे की या मालाचे मूल्य काय धरावे. फीत काही रुपयांची, तीवरील मजकूर लाखांचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दृश्य मालाची मोजदाद करण्यासाठी रचलेल्या कायद्याला अदृश्य माल सापडत नव्हता. उपग्रहाचा मार्ग तांत्रिक दृष्ट्या उपलब्ध होता; जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ सालीच विक्रम भूकेंद्र उभे राहून भारताचे परदेशी दूरध्वनी उपग्रहाद्वारे बोलू लागले होते. पण खाजगी कंपनीस स्वतःची वाहिनी वापरू देणे ही गोष्ट तार-टपाल खात्याच्या स्वप्नातही नव्हती. ती कोंडी १९८५ साली बंगळूरात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने आपल्या भूकेंद्रासाठी परवानगी मिळवून फोडली. १९८४ च्या नोव्हेंबरात राजीव गांधी सरकारने संगणकधोरण जाहीर करून आयातकर उतरविले होते, १९८६ साली सॉफ्टवेअर-निर्यातीचे स्वतंत्र धोरण आले, आणि या दोहोंमागे एन. शेषगिरी या अधिकाऱ्याची लेखणी होती. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची कल्पनाही त्याच मालिकेतली. १९९० साली पहिली तीन केंद्रे पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वर येथे निघाली. १९९१ च्या जूनमध्ये त्यांची एक स्वायत्त संस्था झाली. सीप्झमध्ये जे सारे आवार करमुक्त होते, तेच तत्त्व येथे एकेका कचेरीला लागू झाले. शिवाय प्रतिसेकंद चौसष्ट किलोबिटची उपग्रहवाहिनी लहान कंपनीलाही भाड्याने मिळू लागली. म्हणजे रुपयाचे अवमूल्यन आणि डॉ. मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प येण्यापूर्वीच या व्यवसायाच्या दाराची कडी काढलेली होती. न्यूयॉर्कच्या कचेऱ्या संध्याकाळी बंद होतात तेव्हा मुंबईत पहाट होत असते, या भूगोलाचे बाजारमूल्य त्या वाहिनीमुळे प्रथमच वसूल होऊ लागले. १९९० च्या आसपास निर्यातीचा आकडा शंभर दशलक्ष डॉलरांच्या घरात होता. शतक संपताना तो चार अब्जांच्या आसपास गेला.

याच काळात पुण्यात ज्या कंपन्या निघाल्या त्यांपैकी दोन १९९० च्या आहेत. आनंद देशपांडे यांनी अमेरिकेत विद्यावाचस्पती होऊन व काही काळ नोकरी करून परतल्यावर ‘पर्सिस्टंट’ काढली, आणि दुसऱ्या कंपन्यांची विक्रेय सॉफ्टवेअरे त्यांच्यासाठी घडवून देण्याचा वेगळा मार्ग धरला. कीर्तने आणि पंडित या सनदी लेखापालांच्या पेढीतून ‘केपीआयटी’ उपजली आणि पुढे मोटारगाड्यांच्या सॉफ्टवेअरकडे वळली. एकीच्या मुळाशी विद्यापीठीय संशोधन, दुसरीच्या मुळाशी खतावणी.

सन २००० च्या संकटाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. छिद्रपत्रावरची जागा वाचविण्यासाठी जुन्या प्रोग्रॅमरांनी सालाचे शेवटचे दोनच अंक नोंदविले होते, त्यामुळे शून्य-शून्य आले की यंत्र १९०० समजेल अशी भीती होती, आणि कोट्यवधी ओळींचे जुने कोबोल तपासून दुरुस्त करण्याचे कंटाळवाणे काम करण्यास पाश्चात्त्य देशांत माणसे उरली नव्हती. आपल्याकडे ती होती. त्या कामातून पैसा मिळाला तो मिळालाच. खरा लाभ असा झाला की ज्या पेढ्यांनी व विमा कंपन्यांनी आपल्या अंतर्गृहातल्या वह्या परक्याच्या हाती कधी दिल्या नसत्या, त्यांनी त्या नाइलाजाने दिल्या, आणि काम संपल्यावर परत मागितल्या नाहीत.

हिंजवडीचा उल्लेख टाळून हा वृत्तांत पुरा होणार नाही. तेथील जमीन मूळची साखर कारखान्यासाठी योजलेली होती आणि तो बेत ऐन वेळी अन्यत्र हलवून तेथे माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत आणली, ही आठवण शरद पवार यांनी जाहीर भाषणांतून सांगितली आहे. हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी याहून निराळे केले. जमीन विकून मोकळे होण्याऐवजी ती एकत्र करून कंपनी काढली, भागधारक झाले आणि आपल्याच शिवारात कचेऱ्यांचे इमले भाड्याने दिले. हिंजवडीच्या वाट्याला असे काही आले नाही. औद्योगिक महामंडळ, ग्रामपंचायत आणि प्रदेश विकास प्राधिकरण यांच्या हद्दी एकमेकींत अशा अडकल्या की रस्त्यावर पाणी कोणाच्या हद्दीत तुंबले याचा निर्णय होईपर्यंत ते ओसरून जाते.

आता या व्यवसायावर ठेवावयाच्या मुख्य आक्षेपाकडे येतो. १९८९ च्या सुमारास टाटा कन्सल्टन्सीने स्वित्झर्लंडमधील रोख्यांची नोंद आणि हस्तांतर कागदाविना करणाऱ्या मध्यवर्ती संस्थेसाठी एक अत्यंत गुंतागुंतीची व्यवस्था रचण्याचे काम हाती घेतले आणि ते यशस्वी केले. त्याच वर्षी मुंबईच्या शेअर बाजाराभोवतीच्या गल्ल्यांतून भागपत्रांचे गठ्ठे पोत्यांत भरून हमालांच्या डोक्यावरून जात होते, सही जुळत नाही म्हणून परत येत होते, आणि बनावट निघत होते. डॉ. रंगराजन समितीने १९८४ सालीच पेढ्यांत संगणक आणण्याची शिफारस केलेली असूनही बहुतेक शाखांत खातेवह्या हातानेच लिहिल्या जात. अर्थात दोष कंपन्यांचा नव्हता. काम देणारा डॉलरमध्ये मोबदला देत होता, आणि घरचा गिऱ्हाईक संगणकाला शत्रू मानीत होता किंवा पैसे देण्यास वर्ष लावीत होता. शिवाय निर्यातीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर माफ, घरच्या उत्पन्नावर तो पूर्ण. सनदी लेखापालाने वेगळा सल्ला द्यावा तरी कसा? हमीपत्राने लावलेले वळण हमीपत्र कालबाह्य झाल्यावरही राहिले.

१९९६ साली मुंबईत राष्ट्रीय रोखे निक्षेपागार सुरू झाले आणि भागपत्रांची पोती हळूहळू नाहीशी झाली; ती व्यवस्था उभारण्यात टाटा कन्सल्टन्सीचाच हात होता आणि स्विस अनुभव कामी आला. पुढे कंपनी-नोंदणी, पारपत्र-वाटप, प्राप्तिकर आणि वस्तू-सेवा कर यांची यंत्रणा याच कंपन्यांकडे सोपविली गेली, आणि तेथे त्यांची जी फजिती अधूनमधून झाली ती परदेशी गिऱ्हाईकाकडे झालेली क्वचितच ऐकिवात येते. खुद्द कोहलींनी निवृत्तीनंतर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले, आणि निरक्षर प्रौढांना संगणकाच्या साहाय्याने चाळीसेक तासांत आपल्या भाषेतील वर्तमानपत्र वाचता यावे अशी योजना आंध्रात तेलुगूपासून आरंभली. तिला डॉलरमध्ये गिऱ्हाईक नव्हते. २०२० च्या नोव्हेंबरात शहाण्णवाव्या वर्षी ते वारले, तेव्हाही या व्यवसायाच्या उत्पन्नाचे तीन-चतुर्थांशाहून अधिक माप परदेशातूनच येत होते.